झेंड्याची मोकळी कड

४ जानेवारी

वन्सं,

नमस्कार केला असं समजा. तुमचाही पोचला असं मी समजते.

परवा मी संसदेवरचा नवा झेंडा पोचवायला गेले, तेवढ्यात तुम्ही येऊन आईंच्या खाटेखालची पत्र्याची ट्रंक घेऊन गेलात. शेजारच्या घड्याळवाल्यानं सांगितलं. ट्रंक टॅक्सीत मावेना म्हणून तुम्ही त्यालाच हाताशी धरलंत म्हणे. आणि वर त्याला सांगितलंत, की आईला विचारलंय, ती हो म्हणाली. अहो, आई हल्ली सगळ्यांनाच हो म्हणतात. दूधवाल्यालाही म्हणतात. कान गेलेत त्यांचे. समोरच्याचे ओठ हलायचे थांबले की हो म्हणून मोकळ्या होतात. वर्षातून एकदा येणाऱ्या माणसाला हे कसं कळणार!

ट्रंकेतला मामंजींचा जुना झेंडा हवा होता तर मागायचा होता. संग्रहालयाचं बोलावणं तुम्हाला आलंय, हे मला बाहेरच्यांकडून कळलं. स्वातंत्र्याचं पन्नासावं वर्ष, काचेची पेटी, खाली मामंजींच्या नावाची पितळी पाटी आणि तुमचं भाषण. सगळं तुम्हाला लखलाभ होवो. मी आड येणार नाही. तुमच्या भावाच्या मागे हा झेंड्यांचा कारखाना मी ओढते आहे, मान वर करायला फुरसत नाही. पाटीवर कोणाचं नाव येतं ते बघत बसायला मला वेळ कुठला?

माझं एकच मागणं आहे. ट्रंकेत तळाशी बाळाचं एक जुनं दुपटं आहे. वरून फुलाफुलांचं कापड, कडा विटलेल्या. ते तेवढं परत पाठवा. आई सारखा खाटेखाली हात घालून चाचपडतात आणि माझ्याकडे बघतात. कारण त्यांनाच विचारा. मात्र त्यासाठी त्यांच्या कानाशी बसावं लागेल, आणि टॅक्सी थांबवून ते जमत नाही.

वहिनी

१२ जानेवारी

वहिनी,

तुमचं पत्र वाचलं. ते वाचून मला वाईट वाटेल असं तुम्हाला वाटलं असेल, तर तसं काही झालेलं नाही.

ट्रंक माझ्या बाबांची. त्यातला झेंडा माझ्या बाबांनी शिवलेला, या देशाचा पहिला. तुम्ही या घरात आलात तेव्हा बाबा थकले होते, तुम्ही पाहिलंत काय त्यांचं! मी त्यांच्या मांडीवर बसून हे ऐकलंय. निळं आकाश, लाल सांडलेल्या रक्ताचं, आणि दोघांच्या मध्ये शांतीचा पांढरा पट्टा. हे मी वीस वर्षं शाळाशाळांतून सांगत आले आहे. गणवेशाचं दुकान सांभाळून, पदरमोड करून. मुलं उभी राहून टाळ्या वाजवतात. तुम्ही मात्र त्याच झेंड्याच्या जिवावर कारखाना चालवता आणि त्याच्याबद्दल बोलताना नाक मुरडता.

आता दुपट्याचं. दादा गेला तेव्हा तुम्ही मला तीन शब्दांची तार केली होती. आणि आज एका चिंधीसाठी पानभर पत्र? मी काही दूधखुळी नाही, वहिनी. मी दुपटं हातात घेऊन पाहिलं. नुसत्या दोन पदरांचं दुपटं इतकं जाड नसतं. मीही शिंप्याचीच मुलगी आहे, आत काहीतरी घातलंय हे मला बोटांनी कळतं. आईच्या सोन्याच्या बांगड्या मी किती वर्षांत पाहिलेल्या नाहीत. त्यांचं काय झालं हे विचारायचं कितीदा मनात आलं, पण म्हटलं जाऊ दे, घरातली शोभा बाहेर नको.

तेव्हा आधी तुम्ही सांगा, त्या दुपट्यात काय आहे? मग पाठवायचं की नाही ते बघू.

समारंभ एक मार्चला आहे. तुम्हाला आमंत्रण येईल की नाही ते संग्रहालयवाले ठरवतील. मी त्यात पडणार नाही.

तुमची नणंद (नाइलाजानं)

२० जानेवारी

वन्सं,

बांगड्या आईंच्या हातात आहेत. तुम्ही आलात तेव्हाही होत्या. त्यांच्या हाताकडे बघितलं असतंत तर दिसल्या असत्या, पण तुमचं सगळं लक्ष खाटेखाली होतं.

या एका वाक्यावर पत्र संपवणार होते. पण तुमच्या त्या आकाश-रक्त-शांतीनं माझं डोकं उठवलं आहे. वीस वर्षं मी ऐकून घेतलं, आता ऐका. पांढरा पट्टा शांतीचा नाही. तो चादरीचा आहे. कचेरीतून आलेल्या आराखड्यात दोनच रंग होते, निळा आणि लाल. कापड मिळेना अशी तेव्हाची परिस्थिती. दोन्ही तागे मिळून उंचीला हातभर कमी पडले, म्हणून मध्ये घरातल्या चादरीची पट्टी जोडली. सकाळी झेंडा चढला, लोकांनी डोळे भरून पाहिला, आणि पुढे कायदा लिहायची वेळ आली तेव्हा चढला होता तसाच तो कायद्यात लिहिला गेला. शांती मागाहून आली, पुस्तक छापणाऱ्यांबरोबर.

आणि तो मामंजींनी शिवलेला नाही. त्यांनी कापला. त्यांच्या उजव्या अंगठ्याला नखुरडं झालं होतं, सुई धरवत नव्हती. शिवला आईंनी. चोवीस तास त्या मशीनवरून उठल्या नाहीत, आणि तेव्हा त्यांना आठवा महिना लागलेला होता. पोटात कोण होतं ते तुम्हाला माहीत आहे.

झालं एवढं पुरे. मला तुमच्या पाटीशी देणंघेणं नाही. दुपटं पाठवा. त्यात सोनं नाही. ते उसवू मात्र नका. एवढं ऐका माझं.

वहिनी

२ फेब्रुवारी

वहिनी,

"उसवू नका" असं तुम्ही लिहिलंत, आणि माझी खात्रीच पटली. उसवलं.

दुकानाचं शटर अर्धं ओढून घेतलं, कापायच्या टेबलावर पसरलं आणि ब्लेडनं चारी बाजू मोकळ्या केल्या. शिलाई अशी घट्ट की ब्लेड दोनदा बोटात गेलं. आणि आत निघालं काय? निळ्या, लाल, पांढऱ्या कापडाचे तुकडे! एकाला एक जोडलेले, विरलेले, उन्हानं उडालेले. कारखान्यातल्या चिंध्या. एवढ्यासाठी तुम्ही माझा जीव खाल्लात? की सोनं तुम्ही आधीच काढून घेतलंत आणि चिंध्या भरून ठेवल्यात? आता बांगड्या आईच्या हातात असतीलही. तुम्ही घातल्या असतील, माझं पत्र आल्यावर.

तुकडे इथेच पडले आहेत. पांढऱ्यातल्या एकानं माझ्या कारागिरानं मशीनचं तेल पुसलं, म्हणून त्याला बोलले. पण मग वाटलं, कशाला बोलायचं. चिंधी ती चिंधीच.

आणि आईनं झेंडा शिवला? आई? वहिनी, आई काजं करायची. बटणं लावायची. मी त्या घरात वाढले आहे. बाबा कापायचे, बाबा शिवायचे, आई हाताखाली असायची. स्वतःला मुलगी नाही म्हणून तुम्ही माझ्या आईला तुमच्या बाजूला ओढता, हे मला आज कळलेलं नाही. पण त्यासाठी माझ्या बाबांना खाली खेचाल, ही तुमची कमाल झाली. नखुरडं म्हणे!

संग्रहालयाचे साहेब दुकानात येऊन गेले. झेंडा पाहून त्यांचे डोळे पाणावले. असं कापड टिकलं कसं, म्हणाले. मी सांगितलं, बाबांनी जिवापाड जपला.

तुमच्याकडून उत्तराची अपेक्षा नाही.

नणंद

८ फेब्रुवारी

वन्सं,

अपेक्षा नसली तरी वाचा. हे पत्र मी रागात लिहिलेलं नाही. राग येऊन गेला. तुमचं पत्र आलं तेव्हा माझ्या हातात मोठी कात्री होती, म्हणून आधी ती खाली ठेवली आणि गच्चीवर जाऊन आले.

"असं कापड टिकलं कसं," हे तुमच्या साहेबांनी विचारलं. तुम्ही का नाही विचारलंत?

तुम्ही शिंप्याची मुलगी आहात, तर झेंडा काढा आणि त्याची मोकळी कड बघा. दोरीची बाजू नव्हे, वाऱ्यात फडफडते ती. काठीवर चढणाऱ्या झेंड्याची ती कड किती दिवस धड राहते? आम्ही तिथे चार-चार आडव्या शिलाया मारतो, तरी एका वादळात धागे सुटतात. मग तेवढी पट्टी कापायची, कड पुन्हा दुमडायची, पुन्हा चढवायचा. झेंडा असा आखूड होत जातो. लहानपणी तुम्ही हे पाहिलेलं आहे. आणखी काही मी सांगत नाही, नाहीतर म्हणाल मी तुमच्या मनात भरवलं. तुमच्या तुम्ही बघा.

पहिला झेंडा तसाच आखूड होत गेला. त्या वर्षी वारा फार होता. शेवटी तो जवळजवळ चौरस राहिला, तेव्हा कचेरीनं तो उतरवून जाळायला आपल्याकडे पाठवला. विरलेला झेंडा जाळायचा, अंथरायचा-पांघरायचा नाही, हा नियम तेव्हाही होता. तेव्हा तर तो मोडणाऱ्याला तुरुंगच होता. मामंजींनी तो आईंच्या हातात दिला आणि पाठ फिरवली. त्यांना बघवेना.

तुम्ही तेव्हा पंधरा दिवसांच्या होतात. थंडी मरणाची. बाजारात वीतभर कापड मिळत नव्हतं. तुमच्यासाठी म्हणून धुऊन, घडी करून ठेवलेली एकच चादर घरात होती, आणि ती झेंड्याच्या मध्ये गेली होती. आई चुलीपाशी बसल्या, झेंडा उसवला, वर-खाली परकराचं फुलाफुलांचं कापड लावलं आणि दुपटं शिवलं. मामंजींना सांगितलं, जाळला. ते रोज तुम्हाला त्याच दुपट्यात गुंडाळून मांडीवर घ्यायचे. त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

पुढे लोक पहिला झेंडा बघायला यायला लागले. जाळला असं सांगायला मामंजींची जीभ रेटेना. म्हणून त्यांनी आठवून आठवून दुसरा शिवला आणि ट्रंकेत ठेवला. तो तुमच्याकडे आहे. तो त्यांच्याच हातचा आहे, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही.

हे मला आईंनीच सांगितलं, कान जायच्या आधी. आणि म्हणाल्या, मी गेले की ते दुपटं माझ्या अंगावर घाल. जाळायचा होता, तो जळू दे. एवढं एक काम माझ्याकडून राहिलंय.

म्हणून मागत होते. उसवू नका म्हणाले ते यासाठी.

हे कोणापुढे बोलू नका. मामंजींसाठी नव्हे, माझ्यासाठी तर नव्हेच. आईंसाठी. त्या अजूनही दार वाजलं की दचकतात. ऐकू येत नाही, पण जमीन हादरते ती त्यांना कळते. पन्नास वर्षं त्या कोणीतरी विचारायला येईल म्हणून बसल्या आहेत.

तेल पुसलेला तुकडा पांढरा होता, असं तुम्ही लिहिलं आहे. म्हणजे तो चादरीचा.

वहिनी

५ मार्च

वहिनी,

पंचवीस दिवस उत्तर दिलं नाही. तुम्ही वाट बघितली असेल असं मला वाटत नाही, पण आईनं बघितली असेल.

तुमचं पत्र खोटं ठरवायचं म्हणूनच मी झेंडा काढला. टेबलावर पसरला. मोकळ्या कडेला एकच शिलाई आहे, हातानं घातलेली, कोटाच्या अस्तराला घालतात तशी बारीक. एक धागा सुटलेला नाही. दोरीच्या बाजूला दोरीचा वळ नाही. आणि पट्टे जोडताना दुमड वरच्या बाजूला घेतली आहे. काठीवर चढणार असता तर पावसाचं पाणी त्यात साठून राहिलं असतं. हे बाबांना सुचलं नाही, कारण बाबा कोट शिवायचे. कोट काठीवर चढत नाही. बाबांचा हात मी कुठेही ओळखेन. तो वाऱ्यात एक दिवससुद्धा गेलेला नाही, हेही मला एका नजरेत कळलं. वीस वर्षं दर खेपेला आईच्या ट्रंकेतून हाच झेंडा काढून उलगडून पाहिला, तेव्हा कसं दिसलं नाही, हे तुम्ही विचारू नका. मी स्वतःला विचारून झालं आहे.

संग्रहालयाला कळवायचं ठरवलं होतं, की हा पहिला नाही. पत्र लिहायला बसले आणि लक्षात आलं, पुढचा प्रश्न काय येणार. मग पहिला कुठे आहे? पेन खाली ठेवलं.

एक तारखेला गेले. पाटी चकचकीत होती. "देशाचा पहिला ध्वज", खाली बाबांचं नाव. साहेबांनी माइक हातात दिला. मी सगळं बोलले, तेच, तसंच. आकाश, रक्त. शांतीशी आले आणि वाक्य अर्ध्यावर सोडलं. पाणी दिलं कोणीतरी. लोकांना वाटलं बाबांच्या आठवणीनं. कडकडून टाळ्या पडल्या. आजवर टाळ्यांनी पोट भरायचं माझं. त्या दिवशी त्या थांबायच्या आधीच मी माइक परत दिला.

खाली उतरल्यावर एका वार्ताहर पोरीनं विचारलं, तुमच्या आई काय करायच्या? मी म्हटलं, काजं करायची. मग ती वळली, आणि मला राहवलं नाही. म्हटलं, थांब, लिही. पांढरं कापड माझ्या आईचं होतं. तिनं लिहिलं, छापलं मात्र नाही.

तेव्हा आता तुम्ही आणि मी एकाच खोट्यात आहोत. तुमच्याबरोबर एका पंगतीला बसायची मला हौस नाही. माझा तुमच्यावरचा राग गेला असंही समजू नका. वाढलाच आहे. माझ्या जन्माची गोष्ट आईनं तुम्हाला सांगितली. मला नाही. मी तिची मुलगी, आणि मला ती तुमच्या हस्ताक्षरात वाचावी लागली. हे मी विसरणार नाही.

सोबत दुपटं आहे. मीच शिवलं, कारागिराला हात लावू दिला नाही. तेलाचा डाग तीन साबण लावून काढला, तरी पिवळा राहिलाय. एक कोपरा माझ्या बोटाच्या रक्तानं खराब झाला होता, तोही पूर्ण गेला नाही. आईला सांगू नका मी उसवलं होतं म्हणून. ही विनंती समजा. तुम्हाला विनंती करायची माझी ही पहिलीच वेळ आहे.

बाबांची मुलगी

१४ मार्च

वन्सं,

पार्सल पोचलं. सुतळीला इतक्या गाठी मारल्या होत्या की मला वाटलं, सूड उगवताय.

तुमची विनंती मी पाळली. मी काही बोलले नाही. पण त्याचा उपयोग झाला नाही. दुपटं मांडीवर ठेवलं, तशी आईंनी कडेवरून बोटं फिरवली. एक बाजू झाली, दुसरी झाली, आणि बोटं थांबली. "ही शिलाई माझी नाही," म्हणाल्या. मी खिडकीबाहेर बघत राहिले. त्यांनी माझा हात धरून ओढला. "कोणी उसवलं?" मी तोंड उघडलं नाही. तर त्या स्वतःच म्हणाल्या, "पोरीनं." आणि हसल्या हो. मला वाटलं होतं, रडतील.

मग मी कानाशी तोंड नेऊन ओरडले, की त्यांनीच पुन्हा शिवलंय, स्वतःच्या हातानं. घड्याळवाला धावत आला काय झालं म्हणून. आईंनी पुन्हा बोटं फिरवली. म्हणाल्या, "हिला मी नीट शिकवलंच नाही. सगळं लक्ष बापाच्या मांडीकडे. टाके बघ केवढे लांब. आणि दुमड वर घेतलीये, बापासारखी." दुमड खरंच वर आहे. माझ्याही लक्षात आलं होतं, पण मी बोलले असते तर तुम्हाला झोंबलं असतं.

समारंभाची छापून आलेली बातमी कानाशी वाचून दाखवली, फोटोसकट. पाटीवरचं मामंजींचं नाव त्यांनी बोटानं चाचपलं. "शोभतंय," म्हणाल्या. एवढंच. पांढऱ्या कापडाचं तुम्ही बोललात, ते छापलं नसलं तरी मी कानात ओरडून सांगितलं. त्यांनी दुपटं पुन्हा मांडीवर ओढून घेतलं. मग विचारलं, "तिला माहीत आहे?" मी मानेनंच हो म्हटलं. परवापासून दार वाजलं की त्या दचकत नाहीत. दाराकडे बघतात.

आता मुद्द्याचं. तुम्ही मला आवडत नाही आणि मी तुम्हाला, हे आपण दोघी जाणतो. त्यात बदल करायची मला गरज वाटत नाही. कारखान्यात दोन मशीनं चालू असतात, बोलायचं म्हटलं तरी ऐकू येत नाही, तेव्हा तीही अडचण नाही. पण काल आईंनी दुपटं मांडीवर घेतलं, दातांनी धागा तोडला आणि एक बाजू हातभर उसवली. मी हिसकावून घ्यायला गेले, तर माझ्या हातावर चापट मारली. नणंदेपायी मी या वयात मार खाल्ला, याची नोंद घ्या.

त्यांचा निरोप त्यांच्याच शब्दांत देते. "तिला म्हणावं, इथे येऊन माझ्यासमोर शिव. दुमड खाली घे, टाके बारीक घाल. हे धड झाल्याशिवाय मी कुठे जात नाही."

तेव्हा या. तुमच्यासाठी खाट झाडून ठेवली आहे. आणि वन्सं, आल्यावर शिवायची घाई करू नका. रोज चार बोटं झालं तरी पुष्कळ आहे. चुकलं तर आई उसवतील, त्यांना उसवू द्या.

वहिनी